स्पॅनिश क्रियापदं इंग्रजीतून शिकताना डोक्याचं भरीत होतंय, मदत करा

जॉगिंग_ट्रॅकवाली | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मुलगा सप्टेंबरपासून स्पेनला व्हॅलेन्सियात शिकायला आहे, एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहतो. बाई सत्तरीच्या, प्रेमळ, पण इंग्रजी शून्य. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या हातवारे करून मला काहीतरी सांगतात आणि मी इकडे नाशिकच्या इंदिरानगरातून नुसती हसते. त्याही हसतात. असं सात महिने हसून झालंय. दिवाळीनंतर मी तिथे जाणार आहे, म्हटलं तोवर जरा बोलण्यापुरतं तरी शिकावं.

फोनवर ॲप घेतलं, मुलाचं जुनं पुस्तक होतं ते काढलं. दोन्ही इंग्रजीतून. आणि क्रियापदांपाशी गाडी अडली ती अडलीच. टु बी ला दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. टु नो ला दोन, साबेर आणि कोनोसेर. टु आस्क ला दोन, टु प्ले ला दोन, टु लीव्ह ला दोन. बरं आय लाईक कॉफी म्हणायचं तर म्हणे ते उलटं करून 'कॉफी प्लीझेस मी' असं डोक्यात आणा आणि मग बोला. पुस्तकात त्यावर तीन पानं खर्च केलीयत आणि वर 'घाबरू नका' असं लिहिलंय, ते वाचून जास्तच घाबरले.

मी बीकॉम, भाषेशी संबंध दहावीला संपला. इथे कोणी स्पॅनिश शिकलंय का? कसं लक्षात ठेवता?

तर्री_वेगळी | सोमवार, रात्री १०:२०

मुलगा शिकायला गेला आणि अभ्यास आई करतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे, फक्त इयत्ता तिसरी.

सातपूरकर | सोमवार, रात्री १०:५१

ताई, पहिलं काम म्हणजे ते इंग्रजी मधून काढा. मी सांगतो का ते.

आमच्या कंपनीत स्पेनहून मशीन आलं तेव्हा त्यांचा माणूस चार महिने इथे होता, त्याच्या नादाने मी शिकायला लागलो, नंतर दोन वर्षं क्लास केला. क्लासमध्ये बाई इंग्रजीतून शिकवायच्या आणि आम्ही सगळे मराठी पोरं तोंड वासून बसायचो. एक दिवस पेदिर आणि प्रेगुंतार चालू होतं, दोन्हीचा अर्थ टु आस्क, बाईंनी फळ्यावर दोन कॉलम आखले, नियम लिहिले. मागून एक जण हळूच म्हणाला, अरे हे तर मागणे आणि विचारणे. झालं! संपला विषय. चहा मागतो, पत्ता विचारतो. आपल्याला कधी आयुष्यात गोंधळ होतो का? पत्ता 'मागितला' तर वेगळा अर्थ होतो हे शेंबड्या पोराला कळतं. नियम ज्यांच्या भाषेत एकच शब्द आहे त्यांच्यासाठी आहेत.

तसंच हुगार म्हणजे खेळणे, तोकार म्हणजे वाजवणे. क्रिकेट खेळतो, तबला वाजवतो. टु लीव्ह चं पण तेच, सालिर म्हणजे निघणे, देखार म्हणजे सोडणे किंवा ठेवणे.

आणि गुस्तार, ज्यावर तुमच्या पुस्तकाने तीन पानं घालवली. मे गुस्ता एल काफे. मे म्हणजे मला. मला कॉफी आवडते. उलटं कुठे आहे? सरळच आहे की! द्राक्षं अनेक झाली की मे गुस्तान लास ऊबास, 'आवडते' चं 'आवडतात' होतं तसंच गुस्ता चं गुस्तान. आपण जन्मापासून हेच बोलतोय, उलटं इंग्रजीत आहे.

जॉगिंग_ट्रॅकवाली | सोमवार, रात्री ११:०५

थांबा थांबा. मला कॉफी आवडते, मे गुस्ता. मला द्राक्षं आवडतात, मे गुस्तान. अहो मी दीड महिना 'कॉफी प्लीझेस मी' घोकतेय!! आता झोप येणार नाही.

रविवार_कारंजा | मंगळवार, सकाळी ७:४०

सातपूरकरांनी चित्र फारच गोड रंगवलंय. मी तीन वर्षं घासलीयत या भाषेत, म्हणून जरा पाणी ओततो.

मराठी जिथे साथ देते तिथे देते, जिथे फसवते तिथे इंग्रजीपेक्षा वाईट फसवते. तेनेर घ्या. तेनेर म्हणजे टु हॅव. मराठीत हॅव ला क्रियापदच नाही. आपण 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला ताप आहे' असं सगळं आहे वर भागवतो. म्हणजे आपल्या डोक्यात मला आणि आहे येतं आणि आपण गुस्तार च्या जोरावर मे काहीतरी लावून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये ते तेंगो. तेंगो फिएब्रे, ताप आहे. तेंगो आंब्रे, भूक लागलीय. वय पण तेनेरने सांगतात, म्हणजे ५१ वर्षं 'बाळगून' आहे. इंग्रजीवाल्याला आय हॅव फीवर, आय हॅव अ कार इथपर्यंत तरी फुकट मिळतं, आपल्याला तेही नाही.

पहिल्या तोंडी परीक्षेत मी म्हटलं होतं 'मला चाळीस वर्षं आवडतात'. समोरच्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

मुकाट_वाचक | मंगळवार, सकाळी ८:०२

वय सांगताना आन्योस, म्हणजे वर्षं, मधला न्य नीट म्हणा एवढंच सांगतो. नुसतं आनोस झालं की काय होतं ते इथे लिहिता येणार नाही.

तर्री_वेगळी | मंगळवार, सकाळी ८:०४

मुकाट वाचक सहा वर्षांत पहिल्यांदा बोलले ते हे.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी १०:३०

चर्चा वाचून राहवेना म्हणून लिहितो. मला स्पॅनिश येत नाही, संस्कृत शिकवले आहे. परंतु सेर आणि एस्तार यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एस्तार हे लॅटिनमधील 'स्तारे' म्हणजे उभे राहणे यापासून आले. आपला स्था धातू आणि ते एकाच मुळाचे. स्थिती, स्थान, अवस्था, सर्व त्यातलेच. आणि सेरचे जे 'एस' रूप होते ते आपल्या अस्तिचे भावंड. तेव्हा ताईंनी असे ध्यानात धरावे: कोण आहे, काय आहे हे सांगताना अस्ति, आणि कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे हे सांगताना स्था. कोनोसेरमध्येही आपला ज्ञा दडला आहे, म्हणजे आपले जाणणे.

पंचवटी_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी १०:४८

मास्तर, साष्टांग. आम्हाला क्लासमध्ये शिकवलं की कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार. त्या नियमाने मी किती मार खाल्लाय. नाशिक महाराष्ट्रात आहे, हे काय तात्पुरतं आहे का? तरी एस्तार. दोन वाजलेत, हे तर मिनिटात बदलतं, तरी सेर. आणि सगळ्यात कहर म्हणजे माणूस मेला आहे, एस्ता मुएर्तो, एस्तार! याच्याहून कायमचं काय असतं? स्था लावला की बसतं सगळं, मेलेला ही अवस्था, नाशिकचं स्थान.

अर्धवट_विद्यार्थी | मंगळवार, दुपारी १:१५

पण मराठीत पण दोन आहेत ना? आहे आणि असतो. तो घरी आहे, तो घरी असतो. आहे म्हणजे एस्तार आणि असतो म्हणजे सेर, असं नाही का चालणार? मी तसंच पाठ केलंय.

रविवार_कारंजा | मंगळवार, दुपारी १:३१

नाही चालणार, आणि हे आत्ताच डोक्यातून काढून टाक मित्रा, मी याच खड्ड्यात वर्षभर होतो. असतो म्हणजे नेहमीचं. 'तो हल्ली आजारी असतो' यात पण स्पॅनिशला एस्तारच लागतं, नेहमीचा भाव पाहिजे तर सोलेर नावाचं वेगळं क्रियापद पुढे जोडतात. उलट 'मी नाशिकची आहे' यात आपण आहे म्हणतो पण तिथे सेर. आहे/असतो ची रेघ वेगळ्या जागी मारलेली आहे, सेर/एस्तारची वेगळ्या. दोन आहेत म्हणून जोड्या लावा असं नसतं.

तर्री_वेगळी | मंगळवार, दुपारी १:३८

'मी आहे' ला स्पॅनिशमध्ये सोय म्हणतात ना? सोय दे नाशिक. म्हणजे नाशिकची सोय झाली.

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री ९:२०

दिंडोरी तालुक्यातून लिहितोय, दिवसभर बागेत होतो आत्ता वाचलं. मला स्पॅनिश येत नाही म्हणता येणार नाही आणि येतं असंही नाही. छाटणीचे व्हिडिओ बघतो, चिली आणि पेरूचे लोक टेबल ग्रेपचं, म्हणजे खायच्या द्राक्षांचं, लय भारी काम करतात, त्यांचे व्हिडिओ सगळे स्पॅनिशमध्ये. बघून बघून पोदार म्हणजे छाटणे, रेगार म्हणजे पाणी देणे, कोसेचार म्हणजे माल काढणे एवढं जमा झालंय. चिलीत थंडीतली एक मुख्य छाटणी असते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोनदा पोदार, एकदाच माल. हे एका चिलीवाल्याला कमेंटमध्ये मोडकंतोडकं लिहिलं तर त्याने आठ प्रश्नचिन्हं पाठवली.

वरच्या भांडणात माझं एक उदाहरण. ऊबास सोन बेर्देस आणि ऊबास एस्तान बेर्देस. पहिलं सेर, द्राक्षं हिरवी आहेत, म्हणजे जातच हिरवी, आपली थॉमसन सीडलेस. दुसरं एस्तार, द्राक्षं कच्ची आहेत, अजून तयार नाहीत. शब्द तोच बेर्दे. व्यापाऱ्याशी बोलताना हे उलटं झालं तर तो माल सोडून जाईल. कोल्ह्याची द्राक्षं पण एस्तानच.

आणि वाईनवाले जे तेम्प्रानियो लावतात आपल्याकडे, ते नाव तेम्प्रानो वरून, म्हणजे लवकर. लवकर पिकतं म्हणून. क्रियापद नाही, पण आठवलं म्हणून सांगितलं.

जॉगिंग_ट्रॅकवाली | मंगळवार, रात्री १०:००

द्राक्षबाग दादा, हे हिरवी-कच्ची मी फ्रीजवर चिकटवलंय. आणि आता मला कळलं माझं काय चुकलं होतं. गेल्या रविवारी बाईंनी बहुतेक विचारलं मुलाशिवाय कसं वाटतं, मी 'सोय आबुर्रिदा' म्हटलं. मला म्हणायचं होतं मी कंटाळलेय. सेर वापरलं म्हणजे 'मी कंटाळवाणी बाई आहे' झालं ना? त्या मान हलवून नाही नाही नाही म्हणत होत्या. मला वाटलं सांत्वन करतायत.

सातपूरकर | मंगळवार, रात्री १०:१४

करतच होत्या ताई.

घाटाखालची | बुधवार, सकाळी ११:२६

माझं सासर नाशिकरोड, माहेर इगतपुरी ओलांडून खाली, पण मतं मांडायला परवानगी असावी. मी स्पॅनिश भाषांतराचं थोडं काम करते.

क्रियापदांच्या अर्थाची यादी पाठ करणं हेच मुळात चुकतं. लागणे चा अर्थ एका शब्दात सांगून बघा कोणी. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, पोराला नोकरी लागते, फोन लागत नाही, कारलं कडू लागतं, बोललेलं मनाला लागतं, तो माझा मामेभाऊ लागतो, पाऊस पडू लागला, मला जावं लागेल, आणि दार लागलं. एकाच वेळी हे सगळं आपण कसं पेलतो? कोणी यादी दिली होती का आपल्याला? वाक्यं कानावर पडली, बस.

स्पॅनिशचं असलं एक नग म्हणजे केदार. हो, उच्चार केदारच. आमच्या बॅचमध्ये त्याच नावाचा एक मुलगा होता, तो दिवस त्याला फार जड गेला. केदान दोस, दोन उरलेत. मे केदो एन कासा, मी घरीच राहते. केदामोस आ लास सेइस, सहाला भेटायचं ठरलं. ते केदा बिएन, तुला छान दिसतं, म्हणजे कपडा अंगाला बसतो त्या अर्थी. इंग्रजी पुस्तक यावर चार वेगळे शब्द देतं आणि आपण चार वेगळी कार्डं करून बसतो. मी आपल्या राहणे ला धरून ठेवते. दोन राहिलेत, मी घरीच राहते, निम्मं तिथेच निघतं. उरलेलं निम्मं मात्र पाठच करावं लागतं, तिथे मराठी हात वर करते.

पंचवटी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ११:४०

केदारला केदार लागला. लागणे मध्ये हे पण घाला.

कांदा_लिलाव | बुधवार, दुपारी १२:०५

ज्ञानात भर: पगार हे पण क्रियापदच आहे. पोर्तुगीजमध्ये पागार म्हणजे पैसे देणे, स्पॅनिशमध्ये पण तेच. आपल्याकडे आलं आणि नाम झालं, दर महिन्याच्या शेवटी आठवण काढायचं. तसंच हुगार लिहितात तसं वाचलं की जुगार होतं, खेळणे वरून जुगार. पोर्तुगीजांनी आणला असणार.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी १२:५०

पगाराचे बरोबर. पाव, चावी हीही पोर्तुगीजांकडूनच आली. जुगार मात्र आपला घरचा, द्यूतापासून आलेला. धर्मराजाने पोर्तुगीज येण्याची वाट पाहिली नव्हती.

कांदा_लिलाव | बुधवार, दुपारी १२:५३

मास्तर मान्य. हरलो.

सातपूरकर | बुधवार, रात्री ८:१०

आता पाककृतीकडे वळू. त्या स्पेनच्या माणसाला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात मिसळ खायला घातली. पहिला घास घेतला, थांबला, डोळ्यात पाणी, आणि म्हणाला पिका. मी म्हटलं हो हो पिकलेलंच आहे सगळं. मग शोधलं तर पिकार म्हणजे तिखट लागणे. तेच पिकार डास चावला तरी, तेच खाजलं तरी, आणि तेच कांदा बारीक चिरणे. आपण चावणे, खाजणे, झोंबणे असे तीन-चार शब्द वापरतो ते सगळं त्याने एका शब्दात उरकलं आणि दुसरी मिसळ मागवली. पेदिर!

उलट इंग्रजीत हॉट म्हटलं की तिखट का गरम ते विचारावं लागतं. स्पॅनिश आपल्यासारखं, पिकांते तिखट, कालिएंते गरम. पण ताई एक सावधान. मे महिन्यात बाईंना 'मला गरम होतंय' सांगायचं असेल तर तेंगो कालोर म्हणा. एस्तोय कालिएंते अजिबात म्हणू नका. एवढंच. जास्त विचारू नका, महिला मंडळ वाचतंय.

घाटाखालची | बुधवार, रात्री ८:३३

महिला मंडळाला माहितीये सातपूरकर, आम्हीच शिकवतो. आणि आता कोणीतरी ती एम्बारासादावाली गोष्ट सांगायला येईल, अवघडलेली म्हणायला गेली आणि गरोदर म्हणून आली. ती जगातल्या प्रत्येक स्पॅनिश वर्गात सांगून झालीय, कृपया इथे नको.

मुकाट_वाचक | बुधवार, रात्री ८:३५

तीच टाइप करत होतो. डिलीट केली.

पंचवटी_एक्सप्रेस | बुधवार, रात्री ९:०२

मग माझी ऐका. क्लासची पुस्तकं सगळी स्पेनची, त्यात बस पकडणे ला कोखेर. मी ते इमानदारीत पाठ केलं. पहिलंच कामाचं बोलणं मेक्सिकोच्या लोकांशी, मीटिंग संपताना विचारलं आता काय, मी हसून म्हटलं आता मी बस कोखेर करणार. पलीकडे सहा जण होते, सहाही जण कागदांत बघायला लागले. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते क्रियापद भलत्याच कामाला वापरतात. तोमार म्हणा, दोन्हीकडे चालतं. ताईंना व्हॅलेन्सियात कोखेर ऐकू येईल, तिथे ते सोवळं आहे.

अर्धवट_विद्यार्थी | गुरुवार, दुपारी ३:४५

साबेर-कोनोसेर कोणी सांगितलंच नाही, मूळ प्रश्नात होतं.

रविवार_कारंजा | गुरुवार, दुपारी ४:२०

सांगतो, कारण इथे मी सातपूरकरांच्या बाजूला आहे, एकदाच. साबेर म्हणजे माहीत असणे, कोनोसेर म्हणजे ओळख असणे. पत्ता माहीत आहे, माणसाला ओळखतो. आपल्याला फुकट. साबेर पुढे क्रियापद आलं की 'येणे', से नादार, मला पोहता येतं. इंग्रजीवाला इथे कॅन घालतो आणि फसतो.

पण खरी मजा भूतकाळात. साबिआ आणि सुपे, दोन्ही साबेरचेच भूतकाळ. इंग्रजी पुस्तकात यावर चौकट असते की सुपे आलं तर न्यू म्हणू नका, फाउंड आउट म्हणा, अपवाद समजा. आपल्याकडे? नो लो साबिआ, माहीत नव्हतं. आयेर लो सुपे, काल कळलं. माहीत होतं आणि कळलं. कोनोसी म्हणजे ओळख झाली. अपवाद कसला, दोन सरळ शब्द आहेत. मला हे दिसलं तेव्हा मी इथल्या द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलो होतो, मोठ्याने 'कळलं!' म्हणालो, शेजारचा रिक्षावाला म्हणाला काय कळलं ते आम्हाला पण सांगा.

सातपूरकर | गुरुवार, दुपारी ४:३१

रेकॉर्डवर घ्या, कारंजा साहेब पटले.

घाटाखालची | गुरुवार, रात्री १०:४०

मग मी पण माझी ठेवणीतली काढते.

एक, 'ला'. मी बस पाहिली, पण मी आत्याला पाहिलं. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला ला. स्पॅनिशमध्ये अगदी हेच, बेओ एल आउतोबुस पण बेओ आ मि तिआ, मध्ये तो 'आ'. इंग्रजी शिकवणारे याला माणसांचा आ म्हणून वेगळा धडा देतात. पाळलेल्या कुत्र्याला पण तो आ लागतो, आणि आपण पण रस्त्यावर 'एक कुत्रा पाहिला' म्हणतो, घरच्या टायगरला मात्र 'टायगरला पाहिलंस का'.

दोन, ग्लास फुटणे. से मे कायो एल बासो. मी ग्लास पाडला असं ते सहसा म्हणत नाहीत, ग्लास पडला, मे म्हणजे आपला माझ्या हातून. जबाबदारी ग्लासची. जगातल्या प्रत्येक मराठी घरात लहान पोर हेच वाक्य बोलतं, 'मी नाही पाडला, पडला'.

आणि तीन, एस्त्रेनार. नवीन वस्तू पहिल्यांदा वापरणे, नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घालणे याला त्यांचं एकच क्रियापद. इंग्रजी पुस्तकात त्याचं पाच शब्दांचं वाक्य करून अर्थ देतात. मी भाषांतर करताना त्यावर एक संध्याकाळ अडले होते. सासूबाई शेजारी बसून येवल्याहून आणलेली पैठणी कागदातून काढत होत्या, जांभळी, मोरांचा पदर, घडीच्या रेघा अजून तशाच करकरीत. म्हणाल्या, पाडव्याला घडी मोडीन. मी लॅपटॉप बंद केला. घडी मोडणे! तेच ते. भांड्याला नाही चालत, गाडीला नाही चालत, पण कपड्याला याहून चांगला शब्द नाही.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, रात्री ११:०५

वा! आज झोप लागेल. (लागेल हेही धरावे.)

द्राक्षबाग | शुक्रवार, सकाळी ५:१०

पहाटे उठणे ला त्यांच्यात माद्रुगार असं एक आख्खं क्रियापद आहे. थ्रिप्स या किडीवरची फवारणी उन्हाआधी उरकायची म्हणून रोज माद्रुगार करतो. तुम्ही सगळे झोपलेले असताना लिहितोय म्हणून सांगितलं.

जॉगिंग_ट्रॅकवाली | शुक्रवार, सकाळी ९:३०

सगळ्यांचे किती आभार मानू. वहीत एकही इंग्रजी शब्द ठेवला नाही, नव्याने लिहून काढलं सगळं. एक राहिलं, बाईंना तू म्हणू की तुम्ही?

घाटाखालची | शुक्रवार, सकाळी ९:५२

सुरुवात उस्तेद ने करा, म्हणजे आपलं तुम्ही. क्रियापद मात्र तो-ती चं लागतं त्याला, आपण कोणाला फारच मान देताना 'साहेबांनी बसावं' म्हणतो तसं. पण स्पेनमध्ये लोक पटकन तू वर येतात, आणि तू म्हणजे तूच, उच्चार पण तोच. त्याचं स्वतंत्र क्रियापद आहे, तुतेआर, अरेतुरे करणे. त्या म्हणाल्या तुतेआर कर तर करा, आपल्यासारखं लाजून तुम्ही-तुम्ही करत बसू नका. आणि तिकडे आसेरचं आथेर ऐकू येईल, कोनोसेरचं कोनोथेर, दचकू नका. ए-ई आधीच्या सी चा आणि झेड चा थ स्पेनच्या बहुतेक भागात, साबेर-सालिर मधल्या एस चा मात्र स च. बाकी अमेरिकेत सगळीकडे स.

पंचवटी_एक्सप्रेस | शुक्रवार, सकाळी १०:१५

आणि दाराची बेल वाजली आणि बाई ओरडल्या 'या बोय' तर त्या कुठेही जात नाहीयेत. आपण 'आले आले' म्हणतो तिथे ते 'चालले' म्हणतात. बोलणारा जिथे उभा आहे तिथून निघतो म्हणून जाणे. येणे फक्त बोलणाऱ्याच्या जागेकडे. इथे इंग्रजी आणि मराठी एका बाजूला आणि स्पॅनिश दुसऱ्या.

जॉगिंग_ट्रॅकवाली | सोमवार, दुपारी ३:२०

वृत्तांत देते. काल रविवारचा कॉल झाला. पहिली दहा मिनिटं मी राणी. उस्तेद म्हटलं, त्यांनी लगेच हात झटकून तू म्हण सांगितलं. मे गुस्ता म्हटलं, तेंगो ५१ आन्योस म्हटलं, न्य सकट. मागच्या वेळचं सोय आबुर्रिदा दुरुस्त करून एस्तोय म्हटलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलाला बोलवून आणलं, बघ तुझी आई. मध्ये बेल वाजली, या बोय म्हणाल्या, मी शांत बसून राहिले, परत आल्या. पंचवटी एक्सप्रेस, तुमचे उपकार.

मग फोन ठेवायची वेळ झाली. आता घरातून निघताना किंवा फोन ठेवताना जाते कशी म्हणू? आपल्यात जाते म्हणत नाहीत. हात जोडले, हसले आणि म्हटलं बेंगो. येते.

त्या एकदम उठल्याच. काहीतरी भरभर विचारायला लागल्या, मी आपली प्रत्येकाला सी सी म्हणत राहिले, नेटवर्क गेलं.

आज दुपारी मुलाचा फोन. म्हणे आई, तू कधी येतेयस, मला का नाही सांगितलंस, मालकीणबाईंनी सकाळपासून मागची खोली रिकामी केलीय आणि गादी उन्हात टाकलीय.

तर्री_वेगळी | सोमवार, दुपारी ३:२६

तिकीट काढा आता काकू. गादी वाळेपर्यंत वेळ आहे.